आचारी, आचार्य आणि अर्धा र

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावच्या गणेशोत्सव मंडळाला पन्नास वर्षे पुरी झाली, तेव्हा एक स्मरणिका काढावी असे ठरले आणि ‘मास्तर, आता हे तुम्हीच बघा’ असे म्हणून सर्वांनी ते काम माझ्या गळ्यात घातले. मंडळाच्या महाप्रसादाचा स्वयंपाक वर्षानुवर्षे एक पैसाही न घेता करणाऱ्या तिघा आचाऱ्यांचा त्या वर्षी सत्कार व्हायचा होता. त्यांच्याविषयी मी पानभर मजकूर मोठ्या आस्थेने लिहिला आणि वर मथळा दिला, ‘आमच्या आचाऱ्यांचा सत्कार’.

स्मरणिका छापून आली ती समारंभाच्या आदल्या रात्री. पाहतो तो मथळा झालेला, ‘आमच्या आचार्यांचा सत्कार’! आता करायचे काय? दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी मथळ्याच्या पलीकडे न वाचता गुरुपरंपरा, गुरुकुले आणि आचार्यांचे समाजावरील ऋण ह्या विषयावर दहा मिनिटे ओघवते भाषण केले. तिघे आचारी हात जोडून उभे होते. समारंभ आटोपल्यावर त्यांतले वडीलधारे आचारीबुवा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मास्तर, भाषण झकास झाले. पण आमच्या पुऱ्यांविषयी कोणीच काही बोलले नाही हो.”

ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. मी छापखान्यात गेलो. संगणकावर अक्षरजुळणी करणारा मुलगा चुणचुणीत होता. तो म्हणाला, “काका, तो तसला र ह्या फॉन्टात नाही. रफार दिला की! वाचणाऱ्याला कळते.” वाचणाऱ्याला काय कळले ते मी आदल्या दिवशीच ऐकले होते. परंतु त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता. मी गणिताचा शिक्षक. यंत्रात चिन्ह नसणे म्हणजे काय, ह्याचा अनुभव मलाही पूर्वी आलेला होता. त्या दिवसापासून मी एका साध्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत आलो: ‘ते चिन्ह ह्यात नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय नसते? आणि नसलेले चिन्ह यंत्रात आणायचे म्हणजे नेमके काय आणायचे?

*

शिशाच्या खिळ्यांच्या काळात ह्या प्रश्नाचे उत्तर हातात धरून दाखविता येत असे. चिन्ह नसणे म्हणजे खिळा नसणे. मग कारागिराने पोलादाच्या कांडीच्या टोकावर ते चिन्ह उलटे कोरायचे, ती कांडी तांब्याच्या तुकड्यात ठोकून साचा उमटवायचा, त्या साच्यात शिशाचा रस ओतायचा आणि थंड झालेला खिळा जुळाऱ्याच्या केसमधल्या एका खणात टाकायचा. रॉबर्ट रेकॉर्ड ह्या विद्वानाने १५५७ साली आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात बरोबरीचे चिन्ह म्हणून दोन समांतर रेघा प्रथम छापविल्या. आज पहिलीतले पोरही जे चिन्ह सहज काढते, ते कागदावर उमटायला अगोदर कोणाला तरी धातूत हात घालावा लागला होता.

आपल्या देवनागरीचे तर विचारूच नका. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे मिळून खणांची संख्या शेकड्यांवर जाई. विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपुरास मराठी भाषेचे व्याकरण छापले ते बाळबोध खिळ्यांत. पुढे १८१० चा मराठी कोश त्याने मोडी खिळ्यांत छापला. म्हणजे मोडीचे खिळे पडले नव्हते असे नाही. तथापि पुढे मुंबईच्या छापखान्यांनी उचलली ती बाळबोध. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले, १८६९ साली जावजी दादाजींचा निर्णयसागर निघाला, बाळबोध अक्षर दिवसेंदिवस देखणे होत गेले आणि मोडी दप्तरांत आणि खतपत्रांत राहिली. ज्या लिपीत पेशवाईचा कारभार चालला, ती आज घरातला कागद समोर ठेवला तरी आपल्यापैकी बहुतेकांना वाचता येत नाही. ह्याला इतरही कारणे होती. परंतु छापखान्याच्या केसमध्ये ज्याला खण मिळत नाही ते हळूहळू डोळ्यांआड होते आणि मग मनाआडही होते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

यंत्र अडले की माणसाला दोन वाटा असतात. एक, यंत्राला लिपी शिकवायची. दुसरी, लिपीच यंत्राच्या मापाची करून घ्यायची. आपल्याकडे दुसऱ्या वाटेचेही प्रयत्न झाले. सावरकरांच्या लिपिशुद्धीने ‘इ’ आणि ‘उ’ ह्यांना रजा देऊन ‘अि’ आणि ‘अु’ लिहावे असे सुचविले. खिळे कमी लागावेत हा त्यामागचा एक हेतू होता. १९५३ साली लखनौस भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी डावीकडची काढून उजवीकडे आणावी असे ठरविले. टंकलेखन यंत्राला ती सोयीची होती, पण लोकांच्या हाताला ती पटली नाही आणि हा बदल टिकला नाही. ह्या खटपटी करणारी माणसे लहान नव्हती. यंत्रच तसे हटवादी होते.

*

पहिल्या वाटेवरचा, म्हणजे यंत्राला लिपी शिकविण्याचा, मोठा पराक्रम घडला तो दूर अमेरिकेत आणि तोही एका गणितज्ञाच्या हातून. त्याचे नाव डोनाल्ड क्नूथ. जन्म १९३८ चा, मिलवॉकी शहरातला. वडील शिक्षक होते आणि जोडीला छपाईचा लहानसा धंदाही करीत. तेव्हा शाईचा वास मुलाला लहानपणापासूनचा. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक असताना त्याने संगणकाच्या कार्यक्रमलेखनावर ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हा ग्रंथ खंडशः लिहावयास घेतला. पहिला खंड १९६८ साली निघाला. तो मोनोटाइप यंत्रावर, ओतलेल्या शिशाच्या खिळ्यांनी जुळविलेला होता आणि त्याची पाने क्नूथला फार आवडत.

गणिताचा मजकूर जुळविणे हे छापखान्यात नावडते काम. खाली चिन्ह, वर चिन्ह, मध्ये रेघ, मुळाखाली अपूर्णांक! त्याला इंग्रजी मुद्रक ‘दंडाचा मजकूर’ म्हणत, कारण त्याचा दर चढा असे. असे अवघड काम निगुतीने करणारे जुने जुळारी सत्तरीच्या दशकात ओसरू लागले आणि त्यांच्या जागी प्रकाशचित्रणाने जुळणी करणारी यंत्रे आली. क्नूथच्या दुसऱ्या खंडाची सुधारलेली आवृत्ती ह्या नव्या पद्धतीने निघायची होती. ३० मार्च १९७७ रोजी त्याच्या हाती गॅलीप्रुफे आली आणि तो हिरमुसला. अक्षरे विजोड, अंतरे ओबडधोबड. त्याच सुमारास अगदी बारीक ठिपक्यांनी अक्षर उमटविणाऱ्या नव्या यंत्रावरचे एक पुस्तक त्याच्या पाहण्यात आले होते. त्याच्या मनात आले, ठिपके म्हणजे अखेर काय? शून्य आणि एक. येथे शाई आहे की नाही, एवढेच. आणि शून्य-एकाचा हिशेब तर आपला धंदा! मग आपले अक्षर आपणच का जुळवू नये?

१३ मे १९७७ रोजी त्याने स्वतःसाठी एक टिपण लिहिले आणि त्यात ह्या नव्या कार्यक्रमाचा आराखडा मांडला. कला आणि कारागिरी ह्या दोन्ही अर्थांच्या ग्रीक शब्दावरून त्याने नाव ठेवले टेख. पुढे एक वर्षाची रजा काढली, की तेवढ्यात काम उरकेल असा त्याचा अंदाज होता. संसारातल्या कुठल्याही घरदुरुस्तीचा अंदाज असतो तसाच तो ठरला. काम पुरते हातावेगळे व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. १९८६ साली त्याचे पाच खंड निघाले आणि १९८९ साली त्यात शेवटची मोठी सुधारणा झाली. आणि एवढे झाल्यावर त्याने ते सर्व जगाला फुकट देऊन टाकले. अट एकच: ज्याला बदल करायचा असेल त्याने खुशाल करावा, पण मग त्याला टेख म्हणू नये.

*

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. टेख अक्षराकडे कसे पाहते, हे मोठे मजेचे आहे. अक्षराचा आकार ते पाहतच नाही! त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक रिकामी पेटी. रुंदी इतकी, ओळीच्या वर उंची इतकी, ओळीच्या खाली खोली इतकी. ह्या पेट्या शेजारी शेजारी मांडल्या की शब्द, पेट्यांच्या रांगा एकाखाली एक लावल्या की पान. पेटीत काय आहे हे शेवटी छापणारे यंत्र पाहून घेते.

पेटीतला आकार काढण्यासाठी क्नूथने दुसरा एक कार्यक्रम लिहिला, मेटाफॉन्ट. त्यात अक्षर चितारायचे नसते, सांगायचे असते. टाक अमुक जाडीचा घे, ह्या बिंदूपासून निघ, ह्या दोन बिंदूंच्या मधोमध वळ, तेथे थांब. मग टाकाची जाडी बदलली की सारी वर्णमाला एकदम जाड होते. त्याच्या अक्षरमालेला असे फिरविता येणारे बासष्ट कान आहेत! सगळी अक्षरे वठली, पण इंग्रजी ‘एस्’ काही केल्या वठेना. तिच्या पोटातली उलटसुलट वळणे गणिताच्या चिमटीत सापडेनात. दिवसरात्र डोके धरून बसलेल्या नवऱ्याला पत्नी जिल ह्यांनी सहज विचारले, की तिला तुम्ही ‘एस्’चाच आकार का देत नाही? ही हकीकत क्नूथ स्वतःच मोठ्या चवीने सांगत असे. १९८० साली त्याने त्या एका अक्षरावर गणिताच्या नियतकालिकात आख्खा लेख लिहिला.

म्हणजे आता कारागीर, पोलादाची कांडी, तांब्याचा तुकडा ह्यांची गरज उरली नाही. ज्याला चिन्ह हवे त्याने ते सांगावे. क्नूथने स्वतःच वाट घालून दिली. आपल्या मार्गदर्शक पुस्तकात अवघड परिच्छेदांच्या कडेला त्याने एक चिन्ह छापले: वाहनचालकांना ‘पुढे धोक्याचे वळण’ असे सांगणारी नागमोडी पाटी. ही कल्पना फ्रान्सच्या बुर्बाकी गणितमंडळाच्या पुस्तकांतून आलेली. घाटातली पाटी पुस्तकात आली आणि कोणत्याही छापखान्याला विचारावे लागले नाही.

बहुतेक वेळा नवे चिन्ह काढण्याचीही गरज पडत नाही. असलेल्याच चिन्हांचा संसार मांडता येतो. ‘बरोबर नाही’ हे चिन्ह टेखमध्ये कसे होते? तिरक्या रेघेच्या पेटीला रुंदी दिली आहे शून्य. त्यामुळे ती लिहिली तरी ओळ पुढे सरकत नाही आणि पाठोपाठ येणारे बरोबरीचे चिन्ह नेमके तिच्यावर येऊन बसते. लांब बाण हवा, तर वजाबाकीची रेघ घ्या आणि आखूड बाण किंचित मागे ओढून तिला जोडा. हे एकदा जुळले की त्याला एक नाव द्यायचे: जेथे जेथे मी अमुक म्हणेन तेथे तेथे हे समज. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट ह्याने ह्याच पायावर लाटेख नावाची सोपी मांडणी उभी केली आणि त्याचे पुस्तक १९८६ साली निघाले. तेव्हापासून जगभरचे गणिताचे विद्यार्थी आपापली चिन्हे अशीच घरच्या घरी तयार करतात.

मीही एकदा तो उद्योग केला. विद्यार्थ्यांसाठी भूमितीची प्रश्नावली काढीत होतो आणि समांतरभुज चौकोनाच्या नावाआधी आपण जे तिरके चौकोनी चिन्ह काढतो ते मला हवे होते. चार रेघा! त्यात अवघड ते काय? मी रेघा काढल्या, नाव दिले, पान छापले. पाहतो तो चौकोन पुढच्या अक्षराच्या उरावर बसलेला. आकार बरोबर होता, पण पेटीला रुंदी सांगायची राहिली होती. रुंदी दिली, तर दुसरीच तक्रार. चिन्ह आपल्या अक्षरांपासून फटकून लांब उभे! कारण टेख प्रत्येक चिन्हाची जात विचारते. हे अधिक-उणेसारखे क्रिया करणारे आहे, की बरोबरीसारखे नाते सांगणारे, की उघडणारा कंस, की मिटणारा कंस, की साधे नाव? त्यावरून दोन्ही बाजूंना किती अंतर सोडायचे ते ठरते. मी नकळत माझ्या चौकोनाला नाते सांगणाऱ्यांच्या पंक्तीला बसविले होते.

त्या एका संध्याकाळी मला जे कळले ते असे. चिन्हाला तीन गोष्टी लागतात. त्याला रूप लागते, म्हणजे आकार. त्याला स्थान लागते, म्हणजे पंगतीत कोणाच्या शेजारी किती अंगचोर बसायचे ते. आणि त्याला नाव लागते, म्हणजे कोणी हाक मारली तर ओ देता येईल. तिन्ही मिळाल्याशिवाय चिन्ह ‘आले’ असे होत नाही.

*

ह्या नव्या टाकाने देवनागरी लिहिता येईल काय, हे पाहणारे लोक लवकरच निघाले. आपल्याकडचे पीयूष घोष ह्यांचा भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवरील निबंध स्टॅनफर्डहूनच १९८३ साली प्रसिद्ध झाला. आणि नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्तहाउस ह्यांनी मेटाफॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे काढून १९९१ साली ती सर्वांना खुली केली. मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा. ‘त’ हवा तर साधी ‘टी’, ‘ट’ हवा तर तिच्याआधी एक टिंब. मग एक छोटा कार्यक्रम तो मजकूर वाचून कोणते जोडाक्षर घ्यायचे ते ठरवी आणि टेखच्या हवाली करी. ह्या अक्षरमालेत मुंबई वळण आणि कलकत्ता वळण असे दोन थाट निवडता येत. मुंबई आणि कलकत्ता येथल्या ओतशाळांचे भांडण, ओतशाळा थंडावल्यावर, हॉलंडमध्ये असे नांदत राहिले!

परंतु सर्वसामान्य छापखान्यात टेख नव्हते. तेथे नव्वदीच्या दशकात आले ते निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट. त्या काळच्या फॉन्टात खण फार तर २५६. ते सर्व इंग्रजीच्या हिशेबाने क्रमांक दिलेले. मग प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या खणांत आपल्या सोयीने मराठी तुकडे भरले. एकाच्या फॉन्टात ज्या खणात ‘क’, दुसऱ्याच्या फॉन्टात त्याच खणात वेलांटी. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. फॉन्ट बदलला की ज्ञानेश्वरी असो की लग्नपत्रिका, पडद्यावर सगळा रोमन कचरा. त्या वर्षांत जुळविलेल्या किती पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या संगणकीय प्रती आज अशा मुक्या होऊन पडल्या असतील! रूप होते, स्थान होते, पण नाव उसने होते.

ह्यावरचा तोडगा म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असा एकच क्रमांक देणे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची मानक पद्धत १९८८ साली ठरली आणि १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून पक्की झाली. त्याच १९९१ च्या ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेला होता. युनिकोड म्हणजे अक्षरांचा सातबाराच समजा. जमीन कोणाच्या नावावर आहे तेवढे तेथे लिहिलेले असते. तिच्यावर कोणी कसे घर बांधावे हे ज्याचे त्याने पाहावे. आणि ज्यांना आपापसांत स्वतःची चिन्हे वापरायची आहेत त्यांच्यासाठी ६,४०० खणांचा एक पट्टा मुद्दाम कोणाच्याही नावावर न चढविता मोकळा ठेवला आहे. तेथे हवे ते चिन्ह बसवावे. मात्र शेजाऱ्याने त्याच खणात दुसरेच काही बसविले, तर तक्रार करायची नाही.

आता आमच्या आचाऱ्यांचा र. ह्या सातबाऱ्यावर त्याची नोंद कोठे आहे? गंमत अशी की त्याच्या स्वतःच्या नावाची नोंद नाहीच. देवनागरीत नुक्त्याचा ‘ऱ’ म्हणून एक अक्षर आहे, क्रमांक ०९३१. ते मुळात तमिळसारख्या द्राविडी भाषांतला कठोर र देवनागरीत उतरविण्यासाठी ठेवलेले. त्या ‘ऱ’चा पाय मोडला म्हणजे तो पापणीसारखा वाकडा, आडवा अर्धा र उमटावा, असे इस्कीने ठरविले आणि युनिकोडनेही ते मानले. म्हणजे आपल्या कऱ्हाडाने, वऱ्हाडाने, गुऱ्हाळाने आणि तऱ्हेने शेजाऱ्याच्या घरात बिऱ्हाड केले आहे! शिवाय साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह दिले तरी तोच आकार मिळतो. ही दुसरी वाट जुन्या मजकुरासाठी राखून ठेवली आहे. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण संगणकाला ते दोन निराळे शब्द. एका पद्धतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधायला जावे, तर तो समोर असून सापडत नाही.

हा हट्ट एवढ्यासाठी, की मराठीत हे दोन र वेगळे अर्थ सांगतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ सह्याद्रीतल्या. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा आणि ‘आचाऱ्यांना’ जेवण कसे झाले ते सांगायचे. शेजारच्या हिंदीला हा भेद करावा लागत नाही. म्हणून तो कोणीतरी आपणहून सांभाळील ही आशा व्यर्थ आहे. तो आपणच मागून घ्यायला हवा.

मागितले तर मिळते, ह्याची उदाहरणे आहेत. ‘बॅट’मधला ‘ॅ’ व्यंजनावर बसे, पण शब्दाच्या आरंभी ‘ॲ’ लिहायची पंचाईत होती. सातबाऱ्यावर होता तो हिंदी वळणाचा ‘ऍ’. मराठी लिहिणारे ‘अ’, मग अदृश्य जोडचिन्ह, मग अर्धचंद्र अशी कसरत करीत. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ ह्या आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्र सरकारनेही मराठी वर्णमाला आणि अक्षरवळणे नक्की केली. आणि ज्या मोडीला आपण विसरलो, तीही २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली. खण मिळायला श्रीरामपूरच्या कोशापासून दोनशे चार वर्षे लागली.

रुपयाच्या चिन्हाची कथा तर सर्वांच्या डोळ्यांदेखत घडली. डी. उदयकुमार ह्यांनी रेखाटलेले ‘₹’ हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केले. रूप मिळाले, पण क्रमांक कोठे होता? लोकांना तर दुसऱ्या दिवशीच ते चिन्ह टंकायचे होते. मंगळूरच्या एका संस्थेने लगोलग एक फॉन्ट काढला. त्यात कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात जी एक तिरकी टिकली असते, तिच्या खणात रुपया बसविला होता. ज्याच्याजवळ तो फॉन्ट, त्याला रुपये दिसत. ज्याच्याजवळ नाही, त्याला नुसत्या टिकल्या! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडच्या ६.० आवृत्तीत ‘₹’ आपल्या क्रमांकासह दाखल झाले आणि मग कोठे त्याला जगात बाजारभाव आला. सरकारचा शिक्का असूनही नाव चढेपर्यंत नाणे चालले नाही ते असे.

*

वाचकहो, एका अर्ध्या र साठी एवढी पायपीट कशाला, असे कोणी म्हणेल. पण ह्या प्रवासाचा शेवट मला अजून सांगायचा आहे.

काही वर्षांनी मंडळाने स्मरणिकेची सुधारलेली आवृत्ती काढायचे ठरविले, तेव्हा मी पुन्हा त्याच छापखान्यात गेलो. तो मुलगा आता चांगला मालक झाला होता. जुनी फाइल आणि जुना फॉन्ट त्याने जपून ठेवला होता. मी त्याला म्हटले, “ह्या फॉन्टातले सगळे खण मला एकदा ओळीने छापून दाखव.” त्याने कागद काढला. शेवटून दुसऱ्या रांगेत, कोपऱ्यात अंग चोरून, तो पापणीसारखा अर्धा र बसलेला होता. कळफलकावरची कोणतीच कळ त्याच्या वाट्याला आलेली नव्हती, इतकेच. दोन कळा दाबून धरून एक क्रमांक टंकला की तो मुकाट्याने बाहेर येत होता.

तो मालक खजील झाला. मी त्याला म्हटले, “अरे, तुझी चूक नाही. कोणी हाक मारायला शिकविलेच नव्हते.” चिन्ह होते. आकार होता. जागा होती. फक्त त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. आणि ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, त्याला ‘नाही’ म्हणून मोकळे होणे ही माणसाची जुनीच सवय. खिळ्यांच्या बाबतीत खरी, तशी माणसांच्या बाबतीतही खरी. आमच्या तिघा आचाऱ्यांनी इतकी वर्षे गावाला जेवू घातले, पण जुन्या अहवालांत देणगीदारांची नावे पानेच्या पाने, आणि ह्यांचा उल्लेख ‘स्वयंपाकाची व्यवस्था उत्तम होती’ एवढाच.

नव्या आवृत्तीत मथळा ठळक छापला: ‘आमच्या आचाऱ्यांचा सत्कार’. खाली तिघांची पूर्ण नावे दिली आणि पुऱ्यांवर एक स्वतंत्र परिच्छेद लिहिला. वडीलधारे आचारीबुवा तोवर थकले होते. मी प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो. चष्मा सापडत नव्हता, म्हणून नातीने ते पान मोठ्याने वाचून दाखविले. मथळा वाचताना ती ‘आचाऱ्यांचा’ असे स्वच्छ म्हणाली.

बुवांनी मान डोलावली आणि आत पाहून म्हणाले, “मास्तरांना फराळाचे आणा.”